वरवंट्याचा रहिवासी दाखला

राक्षसाला रहिवासी दाखला लागतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला लागतो, एखादे वेळी म्हशीलाही लागत असेल. पण राक्षसाने आपलं यावं, गावाला पिडावं, देवीच्या हातून मरावं आणि मग आरती व्हावी, अशी माझी साधी समजूत. मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात जात्यावरच्या ओव्या गोळा करतो. हा छंद निरुपद्रवी आहे, असं माझी बायको चारुशीला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीपर्यंत सांगत असे.

त्या जानेवारीत मुंबईच्या कुठल्याशा विज्ञान-श्रुतिका मंडळाचं पत्रक शाळेत आलं. श्रुतिका म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. स्पर्धकाने पारंपरिक कथेतला एखादा खलनायक घ्यायचा आणि तो खलनायक मुळात झाला कसा, ते विज्ञानकथेच्या अंगाने दाखवायचं. अवधी तीस मिनिटं. कॅसेट एकतीस मार्चच्या आत पोचली पाहिजे. शाळेतल्या इतर शिक्षकांनी पत्रक वाचलं, त्यावर सह्या केल्या आणि ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. शहाण्या माणसांची हीच रीत असते. मी मात्र ते घरी आणलं.

कारण माझ्याकडे खलनायक तयार होता. पोलादपूरच्या वर डोंगरात कातळमाची नावाचं गाव आहे. तिथे ओव्यांच्या निमित्ताने माझं जाणंयेणं. त्या गावच्या शिमग्यात वरवंट्या राक्षसाचा खेळ होतो. खांद्यावर दगडी वरवंटा घेऊन वरवंट्या माळावरून आरोळी ठोकत उतरतो, आणि वाघजाईचा वीर त्याला लाकडी तलवारीने मारतो. वरवंट्या करतो कोंडाजी; त्याच्या आधी त्याचा बाप करायचा, त्याच्या आधी आजा. कोंडाजी एरवी इतका हळू बोलतो की एसटीत कंडक्टरला दोनदा विचारावं लागतं. पण शिमग्याला तो आरोळी ठोकतो तेव्हा पलीकडच्या वाडीतल्या गाई दावं तोडतात. ही आरोळी कॅसेटमध्ये आली की बक्षीस आपलंच, असं मी ठरवून टाकलं.

कथाही सुचली. वरवंट्या हा राक्षस नव्हेच. तो दुसऱ्या ग्रहावरचा एक एकटा प्रवासी. त्याचं यान डोंगरावर कोसळतं. खाली दिवा दिसतो म्हणून बिचारा मदत मागायला उतरतो. त्याची भाषा कुणाला कळत नाही. हाक मारली तर लोकांना आरोळी वाटते. हातातला यानाचा तुटका भाग लोकांना वरवंटा वाटतो. झालं, राक्षस! लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. चारुशीला म्हणाली, "कांदा चिरतेय मी, म्हणून."

शेजारचे देवव्रत सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांना वाचून दाखवणं ही माझी पहिली चूक.

"अवधूतराव, यान येतं तेव्हा 'घूंऽऽ' असा आवाज लिहिलाय तुम्ही."

"हो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचा घेणार आहे."

"अवकाशात हवा नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. यान आलं पाहिजे संपूर्ण शांततेत."

"पण सर, हे ऐकायचं नाटक आहे."

"म्हणून काय विज्ञान बदलायचं? पहिली चार मिनिटं शांतता ठेवा."

"चार मिनिटं काही ऐकू आलं नाही तर लोक सेल बदलतील," आतून चारुशीला म्हणाली.

सर दुखावले. विज्ञानावर माझी पकड नसल्यामुळे मी तडजोड म्हणून दोन मिनिटं शांतता कबूल केली. तीस मिनिटांच्या नाटकात दोन मिनिटं शांतता, हे मला अजूनही नीट समजलेलं नाही. पण ते शास्त्रशुद्ध होतं.

टेपरेकॉर्डर शाळेचा होता. तो 'डेड स्टॉक' नावाच्या रजिस्टरात नोंदलेला. मेलेल्या साठ्यातली जिवंत वस्तू बाहेर काढायला लेखी अर्ज लागतो. 'प्रयोजन' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: 'राक्षसाची आरोळी घेणे.' मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते खोडून त्यांनी 'शैक्षणिक' असं लिहिलं. माझी एवढी मानहानी पुरे होती, पण ती तर नुसती नांदी होती.

यान कोसळल्यावर जमिनीतून वाफ उसळते, हा आवाज घ्यायला मी महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर गेलो. झरे गरम आहेत, पण गप्प आहेत. तासभर माईक धरून बसलो. शेवटी एक आजोबा गुडघे शेकायला पाण्यात उतरले आणि मनापासून म्हणाले, "आय गं ऽऽ, मेलो, मेलो, हां, आता बरं वाटलं." पहिले चार शब्द मी यानातल्या प्रवाशाचा आक्रोश म्हणून ठेवले. बाकीचे कापायचं तंत्र मला येत नव्हतं, म्हणून तेही राहिले.

उरलेलं नाटक घरी भरता येईना. आमचं घर चवदार तळ्याच्या रस्त्याला. मार्च लागला की वीस तारखेच्या सत्याग्रह दिनाच्या तयारीची गाणी लाउडस्पीकरवर सुरू होतात, आणि त्या गाण्यांपुढे दुसऱ्या ग्रहावरचा एकटा माणूस टिकत नाही. ते योग्यच आहे. म्हणून ठरवलं, बाकीचं सगळं कातळमाचीलाच, शिमग्यात भरू.

आणि मग मी नियम क्रमांक नऊ वाचला. 'कथा पारंपरिक असल्यास, सदर खलनायक त्या गावचा असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

कातळमाचीचे ग्रामसेवक भाऊसाहेब हा सज्जन माणूस. त्यांनी छापील फॉर्म पुढे ओढला. त्यांच्याकडे रहिवासी दाखल्याचाच फॉर्म होता.

"नाव?"

"वरवंट्या."

"पूर्ण नाव?"

"एवढंच आहे."

"आडनावाच्या जागी राक्षस लिहितो. व्यवसाय?"

"राक्षस."

"तेच दोनदा नाही येत, मास्तर. मोलमजुरी लिहू? दगड वाहतो ना तो." त्यांनी लिहिलं. "किती वर्षांपासून गावात राहतो?"

"पिढ्यान् पिढ्या."

"मूळचा इथलाच, की बाहेरून आला?"

इथे मी 'इथलाच' म्हणायला हवं होतं. पण लेखकाला आपली कथा विचारली की त्याला सत्याची उचकी लागते. मी म्हणालो, "बाहेरून. दुसऱ्या ग्रहावरून."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण घातलं. "मग मूळ ठिकाणचा दाखला लागेल. तिकडचा आणा, मी लगेच इकडचा देतो."

मी त्यांना ग्रहाची अडचण समजावून सांगत होतो, तेवढ्यात बाकावर बसलेला मालोजी उठला. मालोजी म्हणजे वाघजाईचा वीर. पिढ्यान् पिढ्या वरवंट्याला मारण्याचं काम त्याच्या घराण्याकडे.

"म्हंजे वरवंट्या ह्या गावचा नाय?" त्याने विचारलं.

"नाटकात नाही," मी म्हणालो.

"नाय ना? झालं मंग," म्हणून तो शांतपणे बाहेर गेला. त्या शांतपणाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला, जेव्हा कोंडाजी पहाटेच्या एसटीने महाडला माझ्या दारात आला.

तो पायरीवरच बसला. चारुशीलाने चहा दिला, तो त्याने नुसता धरून ठेवला.

"मास्तर, माझ्या राक्षसाला तुमी उपरा केलात."

मग हळूहळू उलगडा झाला. कातळमाचीत शिमग्याचे नारळ मानाने मिळतात. पहिला नारळ वरवंट्याच्या घराला, दुसरा वीराच्या घराला. राक्षसाला पहिला का आणि त्याला मारणाऱ्याला दुसरा का, हे कुणालाच ठाऊक नाही. पण सात पिढ्या मालोजीच्या घराला ते सलत आलेलं. आणि गावकीचा कायदा असा, की मान फक्त मूळच्या घराला. उपऱ्याला नारळ नाही. पोस्टमन तीस वर्षं गावात राहतो, पोरंबाळं तिथेच झाली, तरी शिमग्याला तो नुसता उभा राहतो. आता मालोजीचं म्हणणं, की वरवंट्या उपरा असल्याचं शिकल्यासवरल्या मास्तरने सरकारी हापिसात सांगितलं. तेव्हा यंदापासून पहिला नारळ वीराचा. परवा दुपारी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या कट्ट्यावर, गाव बसून ठरवणार.

"मी समजावतो त्यांना," मी म्हणालो. "ती नुसती कल्पना आहे."

"मास्तर," कोंडाजी इतका हळू बोलला की मला वाकावं लागलं, "तुमी त्याला चोर करा. खुनी करा. पोरं खातो म्हना. मी कायबी बोलनार नाय. पन त्याला गावचा राहू द्या. माजा बा तो नारळ छातीशी धरून मेला."

तो गेल्यावर मी देवव्रत सरांकडे धावलो. "सर, वरवंट्या इथलाच ठेवला तर?"

"मग ती विज्ञानकथा राहत नाही. नुसता स्थानिक राक्षस होतो."

"पण एका माणसाचा नारळ जातोय."

"दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या मानता येतात," सर म्हणाले आणि त्यांनी मला कणांविषयी तासभर काहीतरी समजावून सांगितलं. त्यातून मला एवढंच कळलं, की कोणी बघेपर्यंत वरवंट्या इथलाही असतो आणि तिथलाही. पण मालोजी बघत होता, ही खरी पंचाईत.

घरी आलो तर चारुशीला वही घेऊन उभी. "हे बघा, बक्षीस गेलं खड्ड्यात. त्या माणसाचा नारळ त्याला परत देऊन या. आणि कुकरची शिट्टी परत करा, वरण अडलंय."

ठरल्या दिवशी दुपारी मी सहाणेवर हजर झालो. खांद्यावर टेपरेकॉर्डर, हातात श्रुतिकेची वही. सगळं गाव बसलेलं. मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानीही होते. कोंडाजी एका टोकाला मान खाली घालून बसला होता. त्याच्या मागे बायकांच्यात त्याची म्हातारी आई, गोदूबाई. मी या गोदूबाईच्या मागे चार वर्षं ओव्यांसाठी फिरलो होतो, आणि तिने मला दर खेपेला ताक पाजून परत पाठवलं होतं.

मी उभा राहून सांगितलं, की यान, ग्रह, भाषा, सगळं माझ्या डोक्यातून आलेलं आहे. वरवंट्या शंभर टक्के कातळमाचीचा आहे.

"आदी हापिसात एक बोललात, आता दुसरंच," मालोजी म्हणाला. "मास्तर, खोटं आदी बोललात का आता बोलताव?"

"दोन्ही वेळा... म्हणजे आधी कल्पना होती."

"कल्पना होती तर कॅसेटात कशाला भरताव? उद्या मुंबईला वाजली म्हंजे सगळी खरंच मानतील."

"बराबर हाय," मुंबईचा जानू म्हणाला. "मालूकाका, टेन्शन नाय लेने का. वोटिंग घेऊन टाकू. राक्षस लोकल हाय का आऊटसायडर, हात वर."

हात वर होऊ लागले. एकच जण दोन्ही वेळेला हात वर करत होता. देवव्रत सरांना तो आवडला असता. मालोजीकडे हात जास्त होते. मी घाबरून वही दोन्ही हातांत धरली. "ही घ्या, फाडतो! कथाच नाही म्हणजे ग्रहही नाही!"

"ठेव रं ती वही," मागून आवाज आला.

गोदूबाई उठली. गुडघ्यावर हात देत पुढे आली आणि माझ्याच शेजारी कट्ट्यावर बसली.

"चार साल मागं लागला व्हतास ना मास्तर? ऐक आता."

"आये, गप!" कोंडाजी उठून उभा राहिला. "ते घरातलं हाय. ते भायेर नाय काढायचं!"

पण तिने डोळे मिटले होते. जातं नव्हतं, तरी तिचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरू लागला.

"आई वाढते न्याहारी । भात दह्याच्या वाटीत
लेक मराया निघाला । घास राहिला मुठीत"

गाव गप्प झालं. माझ्या शास्त्रशुद्ध शांततेपेक्षा ही शांतता फार वेगळी होती.

"वरवंट्या माझा बाळ । कुन्या देशाहून आला
दारी आलेला पाव्हना । गावानं राक्षस केला"

तिने सांगितलं, की वरवंट्या माळावर निघण्याआधी त्याची आई त्याला दार लावून दहीभात भरवते आणि हे गाते. सासूने तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूने. आत, कुणाला न ऐकवता. हे सगळं म्हणजे माझीच श्रुतिका होती! फक्त यान नव्हतं, आणि तीस पानांऐवजी चार ओळी होत्या. मी हरखावं की खजील व्हावं, हे मला कळेना. कोंडाजी मात्र मटकन खाली बसला.

कारण मालोजी उडालाच. "ऐकलंत ना? त्याची आईच बोलते, कुन्या देशाहून आला! म्हंजे उपराच!"

"उपराच," गोदूबाई म्हणाली. "मी कुटं नाय म्हनते? मालू, तुज्या घरी पाव्हना आला, तर पयलं ताट कुनाला वाढतोस?"

"पाव्हन्याला."

"आन तू कंदी जेवतोस?"

"मागनं," मालोजी म्हणाला.

"मंग? पयला नारळ पाव्हन्याला, दुसरा घरच्याला. दारी आला, त्याला जेवू घालायचा सोडून आपुन मारला. आजून दरसाली मारतो. त्याला पयला नारळबी नको द्यायला? तुला पयला पायजे तर तू उपरा हो. मी माळावरून उतरवते तुला, आन माजा कोंडू मारंल."

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. मालोजीने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "आसं आदी सांगायचं ना," तो पुटपुटला. "सात पिढ्या उगाच कुढलो आमी."

भाऊसाहेबांनी तिथेच मांडीवर फॉर्म घेतला, 'रहिवासी' हा शब्द खोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर इसम वरवंट्या राक्षस हा मौजे कातळमाची येथील पाहुणा असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' खाली गोल शिक्का. कोंडाजीने तो कागद वाचता येत नसतानाही बराच वेळ हातात धरला.

स्पर्धेचं काय झालं, ते आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मंडळाने कॅसेट परत पाठवली. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की सुरुवातीला दोन मिनिटं कॅसेट कोरी आहे. नंतर एक गृहस्थ आंघोळ करताना ऐकू येतात. खलनायकाची आरोळी कुठेच नाही. आणि जोडलेला दाखला परीक्षकांना समजला नाही. देवव्रत सरांना फक्त पहिलं वाक्य लागलं. ते म्हणतात, मंडळ अवैज्ञानिक आहे.

आरोळी नाही हे खरं. ती का नाही, ते मात्र मी पत्राने कळवू शकलो नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी खेळ होता. मी माईक घेऊन अगदी पुढे. पहिला नारळ वरवंट्याच्या घराला गेला, दुसरा वीराच्या, आणि तिसरा, काय वाटलं कुणास ठाऊक, मालोजीने स्वतः उचलून पोस्टमनच्या हातात ठेवला. पोस्टमन तो कुणाला पोचवायचा म्हणून पत्ता बघत राहिला.

मग गोदूबाई दहीभाताची वाटी घेऊन सहाणेवर आली. आता सगळ्यांना ठाऊक होतं, तर दार कशाला लावायचं? तिने सगळ्यांसमोर कोंडाजीला भरवायला सुरुवात केली. ढोल सुरू झाले. टेपचं लाल बटण दाबून मी आरोळीची वाट बघू लागलो. पण म्हाताऱ्या आईचे घास मोठे असतात. कोंडाजीचं तोंड भरलेलं, गाल फुगलेले, खांद्यावर वरवंटा, तोंडाला काळं फासलेलं. तो आरोळी ठोकायला तोंड उघडायचा आणि आई त्यात घास घालायची. ढोलकऱ्यांनी एक फेरा वाजवला, दोन वाजवले. मालोजी तलवार उगारून थांबला होता. मला वाटलं, आता तलवार पडणार.

मालोजीने तलवार खाली घेतली आणि जमिनीवर टेकवली.

"सावकास," तो म्हणाला. "घास गिळ आदी. मंग मारतो."

कोंडाजी चावत राहिला. ढोल थांबले. सारं गाव, मुंबईचे, इथले, पोस्टमन, भाऊसाहेब, सगळे एका राक्षसाचं जेवण होण्याची वाट बघत उभे राहिले. शेवटचा घास उतरला, आईने पदराने तोंड पुसलं, काळं थोडं पदराला लागलं. कोंडाजीने मान वर केली, छाती भरून घेतली, आणि माझ्या हातात 'खट्' असं झालं.

कॅसेट संपली होती.

आरोळी आली. पलीकडच्या वाडीत गाईंनी दावं तोडलं.